संजीवन कशाला म्हणावे?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. विजेचा भार सारखा वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक वसाहतींना निरनिराळे वार नेमून देण्याची जी पद्धत पडली, तिच्यात भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो येथल्या माणसांच्या अंगवळणी पडला. पुढे चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांतही तोच वार चालू राहिला. लग्नाची बोलणी, गावाकडची खेप, बँकेतले काम, सारे काही गुरुवार धरून ठरते. बाहेरच्या माणसाला ही एक स्थानिक गंमत वाटेल. परंतु ज्या समाजाच्या उपासनेचा सारा डोलारा रविवार या एकाच वारावर उभा आहे, त्याच्या दृष्टीने तिच्यात गंमत काही नाही. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार यंत्रापुढे उभा असतो आणि तिसऱ्या पाळीचा नुकताच अंथरुणाला टेकलेला असतो.

या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती मंडळींविषयी निराशेची जी भाषा ऐकू येते, तिचा विचार करताना हा वारांचा तिढा आधी लक्षात घ्यायला हवा. बाके रिकामी, तरुण दिसत नाहीत, वर्गणी थकलेली, पाळकाचे वेतन कसेबसे निघते, अशी ती भाषा आहे. तिच्यात खोटे काही नाही. मात्र तिच्यावर जो उपाय सुचवला जातो, म्हणजे 'संजीवन', त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर माझा मतभेद आहे, आणि तो मांडण्यासाठीच हे लिहितो आहे.

जाता जाता शब्दाविषयी. मराठी ख्रिस्ती बोलीत 'मंडळी' हे नाम एकवचनी चालते: मंडळी भरली, मंडळी थंडावली, मंडळीला नवा पाळक मिळाला. आपण इतरत्र 'मंडळी जमली' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सुटी माणसे असतात. येथे मात्र अनेक अवयवांचे मिळून एक शरीर, ही पौलाच्या पत्रातली कल्पना व्याकरणातच मुरली आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा या बोलीकडे वळावे. 'साक्ष', 'ओझे', 'पाळक', 'कळप' हे शब्द तेथे जे अर्थ वाहतात ते आपल्या कोशांत पुरते उतरलेले नाहीत.

ही मंडळी येथे आली कुठून? पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झाली. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने यांनी जी माणसे ओढून आणली, त्यांत तेव्हाच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या तालुक्यांतली आणि जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबे होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला पोहोचले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर त्या जिल्ह्यातले महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. त्यांची तिसरी-चौथी पिढी मिशनच्या शाळेतली अक्षरओळख आणि एक पेटी-तबला घेऊन पिंपरीत उतरली. आधी कोणाच्या तरी चाळीतल्या खोलीत प्रार्थना, मग शाळेचा वर्ग भाड्याने, मग पगारातून कापून दिलेल्या वर्गणीतून बांधलेली इमारत, असा साधारण क्रम असे. कायम नोकरी होती, म्हणून कायम वर्गणी होती. मंडळीचा खजिनदार आणि पतपेढीचा सचिव एकच असणे हे तेव्हा नवलाचे नव्हते.

तो पाया नव्वदच्या दशकाअखेर खचू लागला. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आजारी पडले. बजाजने चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू केला आणि २००७ साली आकुर्डीतले उत्पादन थांबवले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, पाठोपाठ महिंद्र आली. काम उत्तरेकडे सरकले आणि सरकताना त्याचे रूप पालटले. बाप कायम कामगार होता, मुलगा कंत्राटी आहे. सहा-सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळतो, मग नव्या ठेकेदाराकडे नवे नाव नोंदवायचे. वर्षभर एका पाळीत, एका खोलीत, एका पत्त्यावर राहण्याची ज्याला खात्री नाही, त्याने मंडळीच्या नोंदवहीत कोणत्या वस्तीपुढे सही करावी?

अशा वेळी 'संजीवन' हा शब्द दोन गटांकडून दोन अर्थांनी वापरला जातो. एक गट मंडपवाल्यांचा. मैदान, ध्वनिवर्धक, बाहेरगावचा वक्ता, चंगाईची आश्वासने, हिंदीतून किंवा इंग्रजीतून उचललेली गाणी आणि शेवटी हात वर करणाऱ्यांची मोजदाद. दुसरा गट समितीवाल्यांचा. त्यांच्या लेखी संजीवन म्हणजे इमारतीची डागडुजी, तरुण संघाची पुनर्रचना, थकबाकीची वसुली. दोन्ही गट एकमेकांना नावे ठेवतात, पण मोजमाप दोघांचे एकच आहे: डोकी किती. माझे म्हणणे असे की मराठी ख्रिस्ती इतिहासात जे खरोखर संजीवन म्हणून ओळखले जावे ते डोक्यांनी मोजलेच जात नाही. मंडळीत मोठ्याने प्रार्थना कोण करते, आणि ती कोणाच्या भाषेत करते, यावरून ते ओळखावे. हे पटवून देण्यासाठी पिंपरीहून थोडे दूर जायला हवे. फार नाही, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावपर्यंत.

पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन केडगावला आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेथे १९०५ साली काय घडले हे बहुधा ठाऊक नसते. आपल्या अभ्यासक्रमातल्या रमाबाई 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) पासून सुरू होतात, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) पर्यंत येतात आणि तेथे थांबतात. त्यानंतर त्या तेहेतीस वर्षे जगल्या. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंचे लेखन इंग्रजी वाचकांपुढे आणून फार मोठे काम केले, यात शंका नाही. तरीही एकूण वाङ्मयीन चर्चेत सुधारक रमाबाईंना जी खुर्ची मिळते ती श्रद्धाळू रमाबाईंना मिळत नाही. त्यांच्या श्रद्धेविषयी बोलताना आपला आवाज नकळत खाली येतो. जणू एखाद्या थोर नातलगाच्या शेवटच्या दिवसांतल्या भ्रमाविषयी बोलावे, तसे आपण बोलतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली आहे: बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मातली मते त्यांना पटली होती, त्यांचा अभ्यास होता, सिस्टर जेरल्डिनशी झालेल्या पत्रव्यवहारातली त्यांची तर्कशुद्ध झुंज आजही वाचताना थक्क करते. तरी काहीतरी उणे होते, आणि हे उणेपण त्यांनी संस्था उभी राहिल्यावरही झाकले नाही. माझ्या मते मराठी आत्मपर गद्यातल्या अत्यंत प्रामाणिक कबुल्यांमध्ये हिची गणना व्हावी.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावात पुढे दोन हजारांच्या आसपास बायकामुली राहत होत्या. आकड्यांच्या भाषेत ही मंडळी भरभराटीला आलेली होती. रोज उपासना होई, बायबल शिकवले जाई, बाप्तिस्मे होत. संख्येने मंडळी जिवंत राहते असे मानणाऱ्याला यापुढे मागण्यासारखे काही उरत नाही. रमाबाईंना मात्र उरले होते. अन्न, वस्त्र आणि धर्मशिक्षण घेणाऱ्या या मुलींनी धर्म पत्करला आहे तो आपल्या छपराखाली राहतात म्हणून, ही शंका त्यांना होती. त्यांचे टीकाकार नेमके हेच म्हणत होते, आणि टीकाकाराचा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य रमाबाईंपाशी होते. ऑस्ट्रेलियात संजीवनाची चळवळ चालू असल्याचे कळले तेव्हा १९०३ मध्ये त्यांनी मनोरमाबाई आणि मिनी एब्रम्स यांना तेथे पाठवले. १९०४ च्या अखेरीस वेल्समधल्या खाणकामगारांच्या मुलखातून तशीच वार्ता आली, पाठोपाठ खासी टेकड्यांतून आली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितले. प्रथम सत्तरेक जणी येत, जूनपर्यंत साडेपाचशे येऊ लागल्या.

२९ जूनच्या रात्री वसतिगृहात एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. जवळची दुसरी मुलगी ती खरोखरच पेटली आहे असे समजून पाण्याची बादली आणायला धावली. ही हकीगत मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय शिकवत असताना सगळ्या मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना शिकवणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस रडणे, पापांची कबुली, गाणे, एकाच वेळी शेकडो कंठांतून प्रार्थना असा प्रकार चालला.

येथे आपल्यातला सुशिक्षित वाचक अस्वस्थ होतो. उन्माद, सामूहिक भावनावेग, असे शब्द त्याच्या ओठांवर येतात. तेव्हाच्या काही मिशनऱ्यांच्याही ओठांवर ते आले होते. उपासना शिस्तीत, शांतपणे, एकामागून एक व्हावी असे त्यांना वाटे. रमाबाईंनी या आक्षेपाला आपल्या 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रिकेतून उत्तर दिले. त्याचा आशय असा की या देशातल्या माणसांची देवाला हाक मारण्याची रीत वेगळी असू शकते आणि परक्या शिष्टाचारासाठी ती दाबून टाकण्याचा अधिकार कोणाला नाही. हे उत्तर देणारी बाई संस्कृतची पंडिता होती, अठरा हजारांवर श्लोक मुखोद्गत असल्याची जिची ख्याती होती, आणि जिला शिस्तबद्ध भाषेचे मोल कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तिने गोंगाटाची बाजू घेतली. का घेतली?

माझ्या समजुतीप्रमाणे तो गोंगाट कोणाचा होता, यात या प्रश्नाचे उत्तर आहे. दुष्काळात आईबापांनी टाकलेल्या, बालपणी विधवा झालेल्या, जात विचारली तर सांगता न येणाऱ्या मुलींचा तो होता. त्यांना आजवर प्रार्थना शिकवली गेली होती. त्यांनी ती केली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा त्या शिकवणारीचा आवाज बुडवून बोलल्या. रमाबाईंनी पुस्तक मिटले हा त्या प्रसंगातला मला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. पुढे त्यांच्यातल्या कितीतरी जणी गट करून आसपासच्या खेड्यांत गेल्या. आणि त्याच सुमारास रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले ते अल्पशिक्षित बाईलाही उमगेल अशा सोप्या मराठीत, संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने दूर ठेवून. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतर म्हणून त्याच्यावर टीका करता येते, आणि सोपेपणाच्या हट्टापायी ते जागोजागी अवघडले आहे असे माझेही मत आहे. पण १९०५ चे संजीवन आणि हे भाषांतर ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत. ज्या मुलींना बोलण्याचा अधिकार मिळाला त्यांना वाचण्याचे पुस्तक त्यांच्या भाषेत हवे होते.

आपण वारीतला नामाचा गजर ऐकतो तेव्हा त्याला उन्माद म्हणत नाही. जनाबाई दळताना देवाशी भांडते तेव्हा आपण मानसशास्त्राकडे धाव घेत नाही, काव्यशास्त्राकडे घेतो. केडगावच्या मुलींच्या बाबतीत आपली ही उदारता कुठे जाते, याचे उत्तर मराठी समीक्षेने कधीतरी द्यायला हवे.

(एक आनुषंगिक गोष्ट. मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या वालपराइसो येथे हूवर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचली. त्यांच्या पत्नी एब्रम्स यांच्या परिचयातल्या होत्या. १९०६ च्या भूकंपाने त्या शहराची आणि त्या मंडळीची पडझड झालेली होती. तेथे १९०९ साली जे संजीवन झाले त्यातून चिलीतले आजचे पेन्टेकोस्टल चर्च निघाले. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्याची वार्ता पॅसिफिकच्या काठावर पोहोचते आणि आपल्या वाङ्मयेतिहासात तिला अर्धे पानही मिळत नाही.)

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते कवी म्हणून आपल्याला जवळचे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरला त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत आजही जे 'उपासना संगीत' हातात घेतले जाते, त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. मिशनशी त्यांचे भांडण नव्हते; पगारावर पोसलेल्या मंडळीला स्वतःचा श्वास नसतो, असे त्यांचे निदान होते. मग साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे तेथे बरोबरीने बसावेत अशी कल्पना होती. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून तो फसला, हे मान्य करायला हवे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याच्या अशा उड्यांकडे ज्या मिश्किल, सोशिक नजरेने पाहिले आहे, ती नजर मला टिळकांच्या चरित्रकारांपेक्षा अधिक भरवशाची वाटते. पण त्याच लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढचे चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. एकेकाळी जिला ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिने ते पुरे केले. दरबार बुडाला, भाषा राहिली.

दरबाराची कल्पना पिंपरीच्या संदर्भात का आठवावी, याला कारण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या आजही नाहीत. परिणामी अनेक कुटुंबांत कागदावरचा धर्म आणि घरातली प्रार्थना यांच्यात अंतर पडले. कोणी बाप्तिस्मा घेत नाही, कोणी घेतो पण नोंदवत नाही. नोंदवही समोर ठेवून मंडळीची नाडी पाहणाऱ्याला ही माणसे दिसणारच नाहीत. याला कोणी दांभिकपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. शाळेचा दाखला आणि पोटाचा प्रश्न यांच्यामध्ये उभ्या असलेल्या बापाला असा शब्द लावण्याआधी, आपण स्वतः श्रद्धेपायी काय गमावले याचा हिशेब मांडावा लागेल.

आता पुन्हा गुरुवारकडे येतो. मी या पट्ट्यात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांच्या घरी जाण्यायेण्यातून काळेवाडी, थेरगाव, मोशीकडच्या काही गुरुवारच्या घरप्रार्थनांना मी बसलो आहे. एका खोलीत दहा-पंधरा माणसे, निम्म्याहून अधिक बायका, एक पेटी किंवा नुसत्या टाळ्या. पाळक असतोच असे नाही. त्याला पाच वस्त्या सांभाळायच्या असतात. आवाज बेताचा, कारण भिंतीपलीकडचा शेजारी रात्रपाळी करून झोपलेला. वक्तृत्व नाही, चमत्कार नाहीत. मात्र तेथे प्रत्येकजण प्रार्थना करतो, आणि ती पाठ केलेली नसते.

त्या प्रार्थनांची भाषा हा माझ्या कुतूहलाचा विषय. तिच्यात नगरी बोलीचा हेल असतो, बायबलच्या जुन्या भाषांतरातले भारदस्त शब्द असतात, आणि त्यांच्या शेजारी 'सुपरवायझर', 'ओटी', 'ब्रेक', 'ठेकेदार' हे शब्द न लाजता येऊन बसतात. एका बाईच्या नवऱ्याला नुकतेच पुन्हा कामावर घेतले होते. तिने आभार मानले, मग थोडी थांबली, आणि ज्याला काढून तिच्या नवऱ्याची जागा झाली त्या माणसासाठी काम मागू लागली. त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. 'तो तुला ठाऊक आहे' एवढेच ती देवाला म्हणाली. मला या ठिकाणी संजीवन दिसले, आणि ते मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही.

यावर मंडळीतले जाणते लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की अशा घरप्रार्थनांतूनच फुटीर गट निघतात. हे खरे आहे. खोलीतला गायक उद्या स्वतःला पाळक म्हणवतो, परवा हॉल भाड्याने घेतो, आणि दशांशाची पेटी आली की समृद्धीचा उपदेश सुरू होतो. माझे निरीक्षण असे की जेथे खोलीतले सर्वजण प्रार्थना करतात तेथे हे सहसा घडत नाही. एकच बोलतो आणि बाकीचे 'आमेन' म्हणतात, तेथे घडते. दुसरा आक्षेप रविवारच्या पावित्र्याचा. तो मला तितकासा समजत नाही. कॅथलिकांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून मान्य केली, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. मार्च २०२० नंतर सरकारने देवळे-चर्च बंद केली तेव्हा आपल्या मंडळींनीही महिनोन्महिने भ्रमणध्वनीवर उपासना चालवली. वार आणि जागा दोन्ही हलू शकतात हे तेव्हा सर्वांनी पाहिले. नोव्हेंबरमध्ये दारे उघडली आणि ते पाहिलेले विसरले गेले.

तरुणांविषयी चाललेले रडगाणेही मला या संदर्भात निराळे ऐकू येते. इंग्रजी उपासनेकडे वळणारा हिंजवडीतला मुलगा केवळ झगमगाटासाठी जातो असे मानणे सोयीचे आहे. त्याला मराठीत प्रार्थना करायला आपण कधी सांगितले? वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत तो बाकावर बसून वडीलधाऱ्यांच्या प्रार्थना ऐकत होता. त्याच्या कानांत मराठी ही ऐकण्याची भाषा आहे, बोलण्याची नाही. हे आमच्या वर्गांतही घडते, म्हणून मंडळीला एकटीला दोष देत नाही.

राहता राहिली एक व्यावहारिक सूचना. ती मी एका मंडळीच्या वडीलवर्गापुढे बोलून दाखवली होती आणि ती सभ्यपणे टोलवली गेली. प्रभुभोजनाचा विधी महिन्यातून एकदा रविवारी होतो. ज्याला रविवारी कामावर जावे लागते त्याला वर्षानुवर्षे त्यापासून वंचित राहावे लागते, आणि मग तो 'थंडावलेला' म्हणून गणला जातो. परंपरेप्रमाणे येशूने आपल्या शिष्यांबरोबर ते भोजन घेतले तो वार गुरुवारच होता. चर्च दर वर्षी पवित्र आठवड्यात तो पाळते. महिन्यातल्या एका गुरुवारी तो विधी ठेवायला काय अडचण आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. तिसरी पाळी सकाळी सातला सुटते. साडेसातला चर्चचे दार उघडे असले, तर डबा आणि हेल्मेट बाकाखाली सरकवून माणसे आत येऊन बसतील.